मंगलाष्टकातला हुंदका

माझ्या काकांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं कधी काही अडलंही नव्हतं. मंठ्याला त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या कंपन्या जीपवर भोंगे बांधून गावोगाव हिंडायच्या आणि आपापल्या कपाशीच्या वाणाची गाणी वाजवायच्या. त्यातली एक कॅसेट काकांच्या दुकानात राहून गेली होती. ती ते बारा महिने लावत. गिऱ्हाईक असो नसो, कपाशीला बोंडं लागल्याचं गाणं चालूच. कुठलंही गाणं चांगलं की वाईट हे ते एकाच गोष्टीवरून ठरवत. ते कुठपर्यंत ऐकू जातं, बस.

अशा माणसानं एका रविवारी अंबडला आमच्या दारात जीप उभी केली आणि बाहेरूनच मला हाक मारली.

"चल, जालन्याला जायचंय. बॅन्ड पसंत करायचाय. तुला गाण्यातलं कळतं."

लग्न त्यांच्या मुलीचं होतं. ती माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी लहान. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. मी तेव्हा अंबडला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं जालन्याला जाऊन एका म्हाताऱ्या बाईंकडं गाणं शिकत होते. गाण्याच्या दोन-चार परीक्षाही झाल्या होत्या. घरात त्याचा उपयोग एवढाच, की पाव्हणे आले की "हिला गाणं येतं" असं सांगायचं आणि मी गळा साफ केला की मला चहा टाकायला पाठवायचं. त्यामुळं कुणीतरी आपल्याला जाणकार म्हणून घेऊन चाललंय, याचं मला बरं वाटलं. हे बरं वाटणं जालन्याचं बसस्टँड येईपर्यंत टिकलं.

बसस्टँडसमोर नवरदेवाच्या थोरल्या बहिणीचे यजमान उभे होते. त्यांच्या घरात सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून आम्हीही दाजीच म्हणू लागलो. बिस्किटी रंगाचा सफारी, कानात अत्तराचा फाया, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. सिमेंटच्या पत्र्यांची कसलीशी एजन्सी होती म्हणे. पण त्यांचा खरा धंदा दुसऱ्यांची लग्नं. भावकीत कुणाचंही लग्न निघालं की वाजंत्री, घोडं, फटाके, मंडपातला कार्यक्रम हे सगळं दाजी ठरवणार. खर्च अर्थातच मुलीकडच्यांचा.

काकांनी माझी ओळख करून दिली. "ही माझी पुतणी. गाणं शिकून राह्यली. म्हणलं, पसंतीला बराबर घ्यावी."

दाजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हां हां, मॅडम. पसंत तर मी करून ठेवलाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

जालन्यात एका गल्लीत ओळीनं बॅन्डवाल्यांची दुकानं होती. दाजींनी आम्हाला सगळ्यात मोठ्या पाटीच्या दुकानात नेलं. आत एकही वाद्य दिसेना. भिंतीभर हँगरला वर्द्या टांगलेल्या. लाल, निळ्या, हिरव्या, खांद्यावर सोनेरी झालरी, वर प्लॅस्टिकचं आवरण. बॅन्डचे मास्टर मेंदी लावलेल्या दाढीचे, जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी आमच्यापुढं एक फोटोंचा अल्बम उघडला. पानापानावर त्याच माणसांचा जथा वेगवेगळ्या कपड्यांत उभा. काका आणि दाजी त्या अल्बमवर वाकले, बायका साड्यांच्या दुकानात वाकतात तसे.

"लाल नको," दाजी म्हणाले. "लाल आमच्या थोरल्या मेव्हण्याच्या लग्नात झाला."

"मंग निळा?" काका म्हणाले.

"निळा पोलिसासारखा दिसतो, पाव्हणे. पांढरा घ्या. पांढऱ्यावर सोनेरी. फोटो उठून येतात."

पांढरा ठरला. मग डोक्यावर तुरा असावा का नसावा यावर बराच वेळ गेला. तुरा ठरला. हातगाडीवर हंसाच्या आकाराचा स्पीकर मिळतो, आणि मोराच्या आकाराचाही मिळतो, मोर ठरला. नाचणारं घोडं ठरलं. एवढं सगळं झाल्यावर मी म्हणाले, "हे वाजवतात कसं, ते ऐकायचं का?"

काका माझ्याकडं बघून ओशाळले, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलून गेले होते.

मास्टरना मात्र मजा वाटली. "बाई, इतने बरसां हो गए, कोई बोल्या न्हई बजाके दिखाव करके." त्यांनी आतून एकाला हाक मारली. लुंगी नेसलेला एक माणूस क्लॅरिनेट घेऊन बाहेर आला आणि उभ्याउभ्या त्यानं एक चाल वाजवली. सुरुवात एका सुरात, शेवट दुसऱ्याच. मधला एक स्वर तर त्यानं सरळ सोडून दिला होता, रस्त्यातला खड्डा चुकवावा तसा.

"कोमल निषाद लागत नाहीये," मी म्हणाले.

"सूरां का क्या है बाई," मास्टर अल्बम मिटत म्हणाले. "बराती लोगां सुनते कब? ड्रेस देखते."

दाजी खो खो हसले. काकाही हसले, दाजी हसले म्हणून. इसार दिला गेला. माझं जाणकार म्हणून जे काही काम होतं ते तिथं संपलं होतं. पण अजून ऑर्केस्ट्रा पसंत करायचा होता.

ऑर्केस्ट्रा ही तेव्हाची नवी हौस. आधी लग्न म्हटलं की सनई-चौघडा, नाहीतर गावातली वाजंत्री, हळदीला बायांची गाणी. मग एकेकानं शहरात कुठं तरी ऑर्केस्ट्रा बघितला आणि ज्याच्या त्याच्या मांडवात स्टेज उभं राहायला लागलं. दाजींनी पसंत केलेल्या ऑर्केस्ट्राची तालीम एका लॉजच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालायची. आम्ही गेलो तेव्हा खोली तापलेली, ड्रमवाला बनियनवर, आणि मुख्य गायक खुर्चीवर पाय पसरून केसांना कंगवा फिरवत बसलेला.

दाजींनी त्याची तारीफ सुरू केली. "मॅडम, हे चार आवाजांत गातात. तीन मोठ्या गायकांचे आवाज, आणि एक बाईचा."

"आणि यांचा स्वतःचा कुठला?" मी विचारलं.

गायकानं कंगवा थांबवला. त्याला प्रश्नच कळला नाही. तो दाजींकडं बघायला लागला.

मग त्यानं ते चारही आवाज काढून दाखवले. माईकला एवढा प्रतिध्वनी लावलेला होता, की एका ओळीची शेपटी दुसऱ्या ओळीच्या तोंडात जात होती. बाईच्या आवाजात तो ज्या पट्टीत गायला, ती ऐकून काकांनी तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं त्यांना हसू आलं. पण ते भारावले होते.

खोलीच्या कोपऱ्यात एक बाई डबा खात बसली होती. ती कार्यक्रमाचं निवेदन करायची. दाजींचं बरंचसं लक्ष तिच्याकडंच होतं.

"ह्या नाचतात बी," त्यांनी काकांना सांगितलं.

"मी नाचत नाही," ती बाई घास गिळून म्हणाली. "मी फक्त बोलते."

"बघू, बघू," दाजी म्हणाले.

निघता निघता त्या गायकानं स्वतःहून एक गोष्ट सुचवली. म्हणाला, हल्ली लोक मंगलाष्टकं सिनेमाच्या चालीवर म्हणवून घेतात. त्याच्याकडं तीन चालींवर तयार आहेत. वाद्यांसकट.

"अस्सं?" काका म्हणाले. "म्हंजी भटजी?"

"भटजी उभे राहतील बाजूला. त्यांचं काय."

दाजींनी मांडीवर थाप मारली. "पाव्हणे, हे आपल्याकडं कुणी केलं न्हाई अजून. मंठ्यात पहिलं तुमचं लग्न."

'पहिलं' हा शब्द काकांच्या कानात पडला आणि विषय संपला. मंठ्यात पहिला फ्रीज त्यांनी आणला होता. तो दुकानाच्या काउंटरमागं ठेवला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून, आणि त्यात पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नसायचं.

मी मधे बोलले. "काका, मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ती कुठल्याही चालीत बसत नाहीत. ओढूनताणून बसवावी लागतात."

"मॅडम," दाजी म्हणाले, "पब्लिकला ते कळत न्हाई."

परत येताना काका जीपमध्ये खुशीत होते. मला म्हणाले, "तुला आणलं ते बरं झालं. जाणकार माणूस सोबत आसला की पसंती बराबर होते."

पुढं हळदीच्या दोन-चार दिवस आधी मी मंठ्याला गेले. माझी बहीण आतल्या खोलीत बसली होती, रुखवताच्या पसाऱ्यात. ती कमी बोलायची, पण तिचं हसू वाईट होतं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. शाळेत असताना प्रार्थनेच्या रांगेत ती हसायची म्हणून तिला शेवटी उभं करायचे, आणि शेवटी उभी राहून ती अजून हसायची.

"अक्का," ती म्हणाली, "माझी मंगलाष्टकं तू म्हण. एवढं एकच मागते. बाकी त्यांना काय नाचायचं ते नाचू दे."

मी काकांना जाऊन सांगितलं. काका मंडपवाल्याशी बोलत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आता इसार देऊन झाला. आन् तुझा आवाज कुठवर जातो? माईकबिगर दुसऱ्या रांगेला ऐकू येणार न्हाई. तू हळदीला म्हण की बायांच्यात."

हळदीला मी म्हणाले. बायांच्यात. तिथंही काकांनी बाहेर टेप लावला होता.

लग्नाच्या दिवशी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मैदानात मंडप होता. मे महिना. ऊन असं, की मंडपाच्या कापडाखाली माणसं उकडून निघत होती. मुहूर्त दुपारचा. आणि पांढऱ्या वर्दीतला, डोक्यावर तुरे लावलेला तो बॅन्ड मारुतीच्या देवळापासून नवरदेवाला घेऊन निघाला, तो निघालाच. पुढं सरकेना. जिथं चौक लागेल तिथं दाजी हात वर करून मोराची गाडी थांबवायचे आणि नाचायचे. त्यांच्या मागं नवरदेवाचे मित्र नाचायचे. घोडं नाचायला सांगितलं होतं, तर ते उन्हानं एवढं कावलं होतं की एका जागी उभं राहून फक्त शेपूट हलवत होतं. नवरदेव त्यावर बसून घाम पुसत होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. साधा, जरा घाबरट. गाणं वाजत होतं त्याकडं त्याचं मुळीच लक्ष नव्हतं. तो सारखा घोड्याच्या मानेवर हात फिरवत होता.

बॅन्डवाल्यांनी वर्दीची बटणं सोडली होती. पांढऱ्या कपड्याला बगलेत घामाचे पिवळे डाग आले होते. क्लॅरिनेटवाला, तोच लुंगीवाला, आता तोच चुकवलेला स्वर प्रत्येक चौकात चुकवत होता, आणि त्या जागी लोक जास्तच जोरात ओरडत होते. मास्टर खरं बोलले होते. कुणी ऐकत नव्हतं.

मुहूर्त कधीच टळला. भटजींनी दोनदा निरोप पाठवला. काका मंडपाच्या दारात उभे राहून लांबून येणाऱ्या आवाजाकडं कान लावत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ऐकू येऊन राह्यलं का? हितपर्यंत येऊन राह्यलं!"

शेवटी वरात पोचली. वधू-वर स्टेजवर उभे राहिले, मधे अंतरपाट धरला गेला. भटजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. गायक पुढं आला. चकाकणाऱ्या कोटात होता बिचारा. कोट काढता येईना, कारण आतला शर्ट पूर्ण भिजलेला. ड्रमवाल्यानं चार ठोके दिले आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

पहिल्याच ओळीला मंडपातल्या निम्म्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. चाल सगळ्यांनी ओळखली. त्या वर्षी गाजलेल्या एका सिनेमातलं ते रडगाणं होतं. नायिका दुसऱ्याशी लग्न करून चाललेली असते आणि नायक तिच्याच मांडवाबाहेर उभा राहून तिला शिव्याशाप देतो, असा तो प्रसंग. टपरीटपरीवर वाजून वाजून ते गाणं लोकांना पाठ झालं होतं. आता त्या चालीवर गणपती, गंगा, यमुना आणि कावेरी वधू-वरांचं मंगल करत होत्या. अक्षरं बसत नव्हती तिथं गायक 'हो ओ ओ' करून जागा भरत होता. 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं की ड्रमवाला असा गडगडाट करायचा, की पुढच्या रांगेतली तान्ही पोरं दचकून रडायची.

माझी बहीण खाली मान घालून उभी होती. मी तिच्या मागंच करवलीसारखी उभी होते. तिचे खांदे थरथरायला लागले. बायांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरीला भरून आलं. एक म्हातारी तर स्वतःच डोळे पुसायला लागली. मला माहीत होतं काय होतंय ते. मी मागून तिच्या कमरेला चिमटा काढला.

"गप," मी कुजबुजले.

"अक्का, तो हुंदका," ती दात आवळून म्हणाली. "हुंदका बी देणार का गं हा?"

सिनेमातल्या त्या गाण्याच्या शेवटी नायक हुंदका देतो. सगळ्यांना तो माहीत होता. गायकाला तर चांगलाच माहीत होता, कारण त्याच्यावर त्याला टाळ्या मिळत असणार. शेवटचं कडवं संपत आलं. 'सावधान' म्हणायच्या आधी तो थांबला, माईक तोंडाला चिकटवला आणि छाती फाटल्यासारखा हुंदका दिला. प्रतिध्वनीसकट.

माझी बहीण हसली. मोठ्यानं. तोंडावर हात नेता येईना, दोन्ही हातांत माळ होती. अंतरपाट हलायला लागला. त्या पलीकडूनही एक बारीक आवाज आला. भटजींनी घाईघाईनं अंतरपाट ओढून काढला, अक्षता पडल्या, बॅन्ड वाजला, आणि नवरी हसत हसतच नवऱ्याच्या गळ्यात माळ घालताना सगळ्या मंडपाला दिसली.

माळा घालून होतात न होतात तोच दाजी स्टेजवरून खाली उतरले आणि काकांसमोर येऊन उभे राहिले.

"पाव्हणे, हे काय आहे? मंगलाष्टकाला नवरी हसती? आमच्या पोराला हसली का आमच्या खानदानाला हसली?"

"न्हाई हो दाजी, पोरीला जरा—"

"जरा? सगळ्या पब्लिकनं पाह्यलं. आमच्यातलं कुणी पंगतीला बसणार न्हाई. आधी माफी."

दाजींना खरा राग कशाचा आला होता ते मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पसंत केलेल्या गायकाला कुणीतरी हसलं होतं. नवरीचे सासरे बाजूलाच होते, पंगतीकडं बघत. त्यांना भूक लागलेली दिसत होती. पण दाजींनी आवाज चढवला तशी त्यांच्याकडची माणसं भोवती जमली, पंगतीत बसलेले दोघं-चौघं उठून आले.

आणि मग मी काकांना बघितलं. दुकानात उधारीवाल्या माणसाला पायरी चढू न देणारे काका. मंठ्यात पहिलं हे आणि पहिलं ते आणणारे काका. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात घेतली, आणि त्या पाच अंगठ्यावाल्या माणसासमोर वाकायला लागले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. हा माणूस स्वतःच्या मुलीला एक शब्द विचारत नाही आणि दुसऱ्याच्या जावयाच्या पाया पडतो, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात नवरदेव आला. मुंडावळ्या तशाच, उपरण्याची गाठ नवरीच्या शालूला बांधलेली, म्हणून तीही त्याच्या मागं ओढली जात आलेली. त्यानं काकांचा हात धरला आणि त्यांना वाकू दिलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "आधी मी हसलो. माझं ऐकून ती हसली."

दाजी त्याच्याकडं वळले. "तू?"

"हां. तो एकदम रडला, मला हसूच आलं. माफी मागायची तर मीच मागतो. कुणाची मागू?"

आता नवरदेवानं कुणाची माफी मागायची, हा प्रश्न दाजींना सुटेना. सासऱ्यांनी तेवढ्यात संधी साधली. "चला चला, जेवून घ्या, जल्दी करा, अन्न गार होऊन राह्यलं," असं म्हणत ते स्वतःच पंगतीच्या दिशेनं चालायला लागले. जमलेली माणसंही पांगली. काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि लगेच वाढप्यांवर ओरडायला लागले.

संध्याकाळचा स्वागत समारंभ त्याच स्टेजवर झाला. लोक पाकिटं द्यायला रांगेत उभे, त्यांच्या कानाशी भोंगे, आणि कोण काय बोलतंय ते वधू-वरांना कळत नाही. गायक चारही आवाजांत गायला. समोर ऐकायला म्हणून बसलेली माणसं मोजकी. बाकीची जेवत होती किंवा एसटी गाठायला निघाली होती. दाजींचं दुपारचं दुःख ओसरलं होतं. ते स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभे राहून त्या निवेदन करणाऱ्या बाईला खुणा करत होते, नाच म्हणून. दोनदा तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा तिनं माईक घेतला आणि शांत, स्वच्छ आवाजात जाहीर केलं, "आता वरपक्षाकडचे दाजी आपल्यासमोर नृत्य सादर करतील. जोरदार टाळ्या."

दाजींना पळायला वाट नव्हती. ते नाचले. चौकात नाचताना त्यांच्याभोवती गर्दी असायची, इथं उजेडात एकटेच होते. सफारीचं बटण तुटलं. ती बाई बाजूला खुर्चीवर बसून पाणी प्याली. त्या दिवशी पसंत करून आणलेल्या सगळ्या माणसांत आणि वस्तूंत मला तेवढीच पसंत पडली.

आठ दिवसांनी बहीण माहेरी परत आली तेव्हा मी मुद्दाम मंठ्याला गेले. दुपारी आम्ही दोघी वरच्या माडीवर होतो. मी तिला विचारलं, "खरंच आधी ते हसले का गं?"

"छे गं," ती म्हणाली. "आधी मीच. त्यांना तर ते गाणं कुठलं ते बी माहीत न्हवतं. मी नंतर पुसलं त्यांना, तर म्हणले, कुठला सिनेमा? त्यांनी आजपर्यंत दोनच सिनेमे बघितलेत, ते बी शाळेनं नेले म्हणून."

"आणि अंतरपाटापलीकडून आवाज आला तो?"

"खोकला. घोड्यावर धूळ खाऊन घसा बसला होता त्यांचा."

ती सांगता सांगता हसायला लागली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न लागून अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात त्या घाबरट दिसणाऱ्या माणसानं तिच्यासाठी भरमांडवात खोटं सांगितलं होतं, आणि तेही दाजींच्या तोंडावर. मग मला काकांची टोपी आठवली आणि मी विषय बदलला.

त्यांचा संसार जालन्यात चांगला झाला. सासरी तिला बरेच दिवस 'हसरी नवरी' म्हणून टोमणे बसले. ती त्यावरही हसायची. दाजींचं काही वाईट झालं नाही. अशा माणसांचं होत नाही. पुढं ऑर्केस्ट्रा मागं पडला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे आला, तेव्हा त्यांनी स्वतःचाच डीजे घेतला. भिंतींचे पोपडे पडतील एवढा आवाज, आणि अर्ध्या जिल्ह्यात मागणी. लग्नपत्रिकांवर प्रेषक म्हणून त्यांचं नाव छापलं जाऊ लागलं.

त्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माझं ठरलं. मुलगा माझ्यासारखाच शिक्षक, धावड्याचा. काकांनी लगेच निरोप पाठवला की बॅन्ड आणि ऑर्केस्ट्रा त्यांच्याकडून. मी मंठ्याला जाऊन त्यांना सांगितलं, की मी नोंदणी पद्धतीनं लग्न करणार आहे. वाजंत्री नाही, स्टेज नाही, भोंगा नाही. मंगलाष्टकंसुद्धा नाहीत.

काका काउंटरमागं बसले होते. त्यांनी टेप बंद केला. तो त्यांनी बंद केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"काहीच वाजणार न्हाई?"

"काहीच नाही."

"अगं, म्हातारं माणूस मेलं तरी हलगी लावतेत. तू तर लग्न करून राह्यली. आन् गाणं शिकलेली तू. लोक काय म्हणतील, आवाज बसला का पोरीचा?"

"म्हणू देत."

ते आले नाहीत. काकूंना पाठवलं. जालन्याच्या कचेरीत आम्ही दोघांनी सह्या केल्या, साक्षीदारांनी केल्या, माझी बहीण आणि तिचे यजमान साक्षीदारांतच होते. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला आणि दुपारच्या गाडीनं धावड्याला गेलो. काकांनी पुढं कितीतरी वर्षं मला त्याबद्दल माफ केलं नाही. दुकानात नवं माणूस आलं आणि मी तिथं असले, की ते ओळख करून द्यायचे, "ही माझी पुतणी. हिचं लग्न मुक्यानं झालं." आणि मग आवाज खाली आणून, जणू घरातला आजार सांगावा तसं म्हणायचे, "बॅन्डबी न्हवता."